गाद्या वाहून आवाज मोजणारे प्राध्यापक सॅबाइन



थोरांच्या चरित्रांत आज आम्ही एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची गोष्ट सांगणार आहोत. निमित्त मात्र अगदी घरगुती आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही उम्म अल कुवैन येथे पुतण्याकडे राहून आलो. संयुक्त अरब अमिरातीच्या सात अमिरातींपैकी ही सर्वांत कमी वस्तीची. समुद्रात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला खाडी, आणि गावात 1768 साली बांधलेला जुना किल्ला. त्या किल्ल्यात आता संग्रहालय आहे. पुतण्याच्या मुलीचे बारसे तिथल्याच एका भाड्याच्या सभागृहात ठरले. फरशी संगमरवरी, दोन बाजूंना काच, वर गुळगुळीत रंगवलेले छत. दिसायला राजवाडा. पण सुनेच्या आईने पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीनंतर कुणालाच काही कळेना. आवाज ऐकू येत होता, शब्द मात्र हरवले होते. मुलाचे नावसुद्धा दोनदा विचारावे लागले. कुणीतरी ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला, तर गोंधळही तेवढाच वाढला.

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या अरब शेजाऱ्यांनी आम्हांला कॉफीसाठी बोलावले. त्यांची बैठकीची खोली, ज्याला ते मजलिस म्हणतात, चांगली मोठी होती. जमिनीवर जाड गालिचा, चारी भिंतींना लागून गाद्या आणि लोड. तिथे वृद्ध आजोबा दुसऱ्या टोकाला बसून हळू बोलत होते, तरी त्यांचा शब्द न् शब्द आमच्यापर्यंत येत होता. (अरबी आम्हांला कळत नाही ही गोष्ट वेगळी.) एकाच गावात, एका दिवसाच्या अंतराने, असा फरक का? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी प्रथम मोजून दिले, ते हे वॉलेस क्लेमेंट सॅबाइन. आणि ते त्यांनी दिले, ते गाद्यांच्याच मदतीने.

सॅबाइन यांचा जन्म 13 जून 1868 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या रिचवूड या लहान गावी झाला. आई मोठी जिद्दीची बाई होती, मुलांच्या शिक्षणावर तिचे फार लक्ष. वयाच्या अठराव्या वर्षी, 1886 मध्ये, ते ओहायोच्या विद्यापीठातून पदवीधर झाले आणि पुढे शिकण्यासाठी हार्वर्डला गेले. 1888 मध्ये त्यांनी एम. ए. पदवी घेतली व तिथेच शिकवू लागले. डॉक्टरेट त्यांनी कधी केलीच नाही. शिकवण्यात ते रमले होते, आणि संशोधक म्हणून त्यांचे नाव अजून कुणाला ठाऊक नव्हते.

1895 साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यात एक अर्धगोल व्याख्यानगृह होते. इमारत सुंदर, पण व्याख्यानगृह निरुपयोगी. वक्त्याने उच्चारलेला एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद खोलीत घुमत राही, आणि तेवढ्यात पुढचे बारा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन आदळत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे दुखणे दूर करण्याचे काम पदार्थविज्ञान विभागाकडे दिले, आणि विभागातल्या वडीलधाऱ्यांना त्यात रस नसल्यामुळे ते तरुण सॅबाइन यांच्या गळ्यात पडले.

इथे एक खुलासा करावा लागेल. प्रतिध्वनी वेगळा आणि निनाद वेगळा. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. 1656 च्या सुमाराच्या त्या वास्तूचा घुमट सुमारे 44 मीटर व्यासाचा आहे. आवाजाला पलीकडे जाऊन परत यायला पुरेसा वेळ लागतो, म्हणून कानाला प्रत्येक परतफेड सुटी ऐकू येते. तो प्रतिध्वनी. साध्या सभागृहात परतफेडी इतक्या लवकर आणि इतक्या दिशांनी येतात की सुट्या ऐकू येत नाहीत. त्यांचा एकच लांबलचक घुमणारा शेपूट तयार होतो. तो निनाद. देवळाच्या गाभाऱ्यात ॐकार म्हणताना तो गोड वाटतो, पण भाषण, कीर्तन, पाळणा यांना तो मारक ठरतो. आपल्या भाषेत तर ‘ल’ आणि ‘ळ’, ‘त’ आणि ‘थ’ एवढ्याशा फरकाने अर्थ बदलतो. व्यंजने क्षणभराची आणि क्षीण असतात, स्वर लांब आणि जोरकस. मागच्या स्वराच्या शेपटाखाली पुढचे व्यंजन बुडून जाते. ज्या मुलांच्या कानांवर मराठी फक्त सणासमारंभाच्या सभागृहात पडते, त्यांच्या बाबतीत ही काही लहान गोष्ट नाही.

त्या काळी सभागृह चांगले निघणे हा नशिबाचा भाग मानला जाई. कुणी छताखाली तारा ताणत, कुणी लांबी-रुंदी-उंचीची शुभ प्रमाणे सांगत. तारांचा उपयोग शून्य होता, तरी मोठमोठ्या इमारतींत त्या लावलेल्या असत. सॅबाइन यांनी ठरवले की आधी मोजायचे. आता विजेची मोजयंत्रे आहेत. तेव्हा तसे काहीच नव्हते. त्यांनी ऑर्गन वाद्याची एक नळी घेतली, जिचा सूर सेकंदाला 512 कंपनांचा होता. ती दाबलेल्या हवेने वाजवायची, एकदम थांबवायची, आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ नोंदवणाऱ्या यंत्रावर टिपायचा. मोजणारे साधन म्हणजे त्यांचे स्वतःचे कान. दिवसा रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट असे, म्हणून हे सारे मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आत.

विद्यापीठात सँडर्स थिएटर नावाचे दुसरे एक सभागृह होते, ज्यात आवाज उत्तम ऐकू येई. त्याच्या बाकांवर गाद्या होत्या. सॅबाइन आणि त्यांचे दोन मदतनीस रात्री त्या गाद्या उचलून फॉगच्या व्याख्यानगृहात आणत. काही मीटर गादी पसरली की मोजमाप, आणखी काही मीटर की पुन्हा मोजमाप. रिकाम्या खोलीत निनाद साडेपाच सेकंदांहून थोडा जास्त होता. गाद्या वाढत गेल्या तसा तो पाच, चार, तीन असा उतरत गेला. सँडर्स थिएटरच्या बहुतेक साऱ्या गाद्या आल्या तेव्हा तो सव्वा सेकंदाच्याही आत आला. सकाळी वर्ग भरण्यापूर्वी सगळ्या गाद्या पुन्हा आपापल्या बाकांवर गेलेल्या असत. हमालीच म्हणायची! असे महिनोन्‌महिने चालले.

या कामातली एक हकीकत आम्हांला सर्वांत जास्त आवडते. एका उन्हाळ्यात त्यांनी सुमारे तीन हजार नोंदी जमवल्या. मग आकडे कुठेतरी जुळेनात. शोधता शोधता लक्षात आले की दोष त्यांच्या अंगावरच्या कपड्यांचा आहे. मोजणारा माणूसही खोलीतच उभा असतो, आणि त्याचा कोट आवाज पितो. कधी जाड कोट, कधी पातळ सदरा, तर आकडा बदलणारच. त्यांनी त्या तीन हजार नोंदी बाजूला टाकल्या आणि नव्याने सुरुवात केली. त्यानंतर प्रयोगाच्या वेळी उन्हाळा असो की हिवाळा, ते ठरावीक निळा हिवाळी कोट, ठरावीक पाटलोण आणि ठरावीक बूटच घालीत. तीन महिन्यांचे काम फेकून देणे कुणालाही जड जाते. जगाला तो फरक कळलाही नसता. पण त्यांना तो कळला होता, एवढे पुरे होते.

गादीत असे काय आहे? तिच्या आत कापूस, केस, लोकर यांच्या तंतूंमध्ये हवेने भरलेल्या असंख्य बारीक वाटा असतात. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर त्या अरुंद वाटांत शिरते, तेव्हा हवा तंतूंना घासते आणि आवाजाच्या शक्तीची अगदी सूक्ष्म उष्णता होते. संगमरवरावर ती शिरूच शकत नाही, म्हणून जवळजवळ सगळी परत फिरते. मात्र भोके असली म्हणजे झाले असे नाही. ती एकमेकांना जोडलेली आणि बाहेर उघडी हवीत. आपल्या बेटावरच्या काळ्या दगडालाही भोके असतात, पण ती बहुतेक सुटी-सुटी बंद असतात. गणपतीच्या मखरात पूर्वी सर्रास वापरला जाणारा थर्माकोल हलका व पोकळ खरा, पण त्याचे कण बंद फुगे. आवाज त्यात शिरत नाही. उम्म अल कुवैनच्या किल्ल्यासाठी वापरलेला समुद्रातला प्रवाळी दगड छिद्रांचा, पण वर गिलावा चढला की छिद्रे बुजली. सच्छिद्र पृष्ठभागावर तैलरंगाचे दोन हात मारणे म्हणजे त्याचे नाक दाबणेच होय. दुरुस्तीच्या वेळी हौसेने हे केलेले आम्ही एकाहून अधिक सभागृहांत पाहिले आहे.

मोजायला एकक हवे. सॅबाइन यांनी उघडी खिडकी घेतली. उघड्या खिडकीतून आवाज बाहेर गेला की परत येत नाही, म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी हे पूर्ण शोषण. मग गादी, गालिचा, नमदा, लाकूड, काच, विटा, बसलेला माणूस, प्रत्येकाची किंमत त्यांनी खिडकीच्या हिशेबात काढली. साधी आणि कुणालाही समजणारी कल्पना. पुढे शोषणाच्या एका एककाला त्यांचेच नाव मिळाले.

तीन वर्षे झाली तरी त्यांचे समाधान होईना. एलियट साहेबांचा धीर सुटत चालला. अखेर 1898 मध्ये फॉगच्या भिंतींवर केसांचा नमदा लावून ते व्याख्यानगृह वापरण्याजोगे झाले. त्याच सुमारास बोस्टनचे धनिक हेन्री ली हिगिन्सन आपल्या वाद्यवृंदासाठी नवे सभागृह बांधत होते, आणि त्यांनी सल्ला मागितला. हाताशी आकड्यांचा ढीग होता, पण त्यांना बांधणारा नियम नव्हता, म्हणून सॅबाइन कचरत होते. 29 ऑक्टोबर 1898 च्या रात्री ते घरी वह्या चाळत बसले असता एकाएकी उलगडा झाला. शोषण आणि निनादाचा काळ यांचा गुणाकार कायम राहतो. आलेख काढला तर तो अपास्त नावाची वक्ररेषा होतो. ही आनंदाची बातमी त्यांनी सर्वांत आधी आईलाच सांगितली.

नियम असा. सभागृहाचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, 0.161 ने गुणा, आणि एकूण शोषणाने भागा. येणारा आकडा म्हणजे निनादाचे सेकंद. (सॅबाइन यांचा स्वतःचा गुणक 0.164 होता.) आम्ही बारशाच्या सभागृहाचा अंदाजे हिशेब करून पाहिला. वीस मीटर लांब, बारा रुंद, पाच उंच, म्हणजे 1200 घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून 800 चौरस मीटर. कठीण पृष्ठभाग शेकडा तीन शोषतात असे धरले तर शोषण अवघे 24. निनाद आठ सेकंद! शंभर पाहुणे आले आणि प्रत्येकाचे साधारण 0.45 धरले, तर शोषण 69 आणि निनाद 2.8 सेकंद. भाषणासाठी एका सेकंदाच्या आसपास हवा. छतालाच चांगले सच्छिद्र आवरण दिले असते, तर तो एका सेकंदाच्या आत आला असता. आवाज वाढवून काही का झाले नाही, तेही यात दिसते: हिशेबात आवाजाच्या जोराला जागाच नाही.

बोस्टनच्या सभागृहाचे वास्तुशिल्पी चार्ल्स मॅकिम यांनी जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रसिद्ध गेवांडहाउसचा नमुना घेतला होता. तिथे सुमारे दीड हजार श्रोते बसत. बोस्टनला अडीच हजारांवर आसने हवी होती. सगळी मापे सारख्या प्रमाणात वाढवली असती तर निनाद हाताबाहेर गेला असता. सॅबाइन यांनी सभागृह अरुंद ठेवून लांब केले आणि दोन मजली सज्जे सुचवले. 15 ऑक्टोबर 1900 रोजी सिम्फनी हॉल उघडला. आधी हिशेब आणि मग इमारत, अशा पद्धतीने उभे राहिलेले ते जगातले पहिले सभागृह. त्याच वर्षी सॅबाइन यांचे लग्न जेन केली या डॉक्टर बाईंशी झाले.

सुरुवातीला सर्वांनीच त्या सभागृहाची स्तुती केली असे नाही. काही समीक्षकांनी नाके मुरडली. आज मात्र ते जगातल्या सर्वोत्तम संगीतगृहांत गणले जाते. गंमत अशी की सॅबाइन यांचा अंदाज नेमका उतरला नव्हता. भरलेल्या सभागृहात 2.31 सेकंद निघतील असे त्यांचे गणित होते. पुढच्या मापनांत आकडा दोनच्याही खाली आला. श्रोत्यांचे शोषण त्यांनी डोकी मोजून धरले होते. खरे म्हणजे श्रोते जेवढी जागा व्यापतात तिच्यावर ते अवलंबून असते, हे बोस्टनचेच लिओ बेरानेक यांनी 1960 च्या सुमारास दाखवून दिले. चूक होती, पण ती संगीताच्या पथ्यावर पडली. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण चरित्रे लिहिताना असल्या गोष्टी झाकण्याची आपल्याकडे खोड आहे.

यानंतर सॅबाइन केवळ 512 कंपनांच्या सुरावर थांबले नाहीत. 64 पासून 4096 पर्यंत, सात सुरांवर त्यांनी तेच काम पुन्हा केले. तेव्हा कळले की पातळ नमदा उंच सूर भराभर पितो, पण खर्जाला हात लावत नाही. याचे कारण असे की कठीण भिंतीला लागून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. 512 कंपनांच्या सुराला ते अंतर सुमारे 17 सेंटीमीटर, तर 100 कंपनांच्या खर्जाला 85 सेंटीमीटर. म्हणून पडदा भिंतीला चिकटवण्यापेक्षा थोडा पुढे टांगावा. झाकरीच्या ढोलकीचा घुमारा नुसत्या पातळ पडद्यांनी का जात नाही, हेही यावरून समजेल.

मोठमोठ्या चर्चमध्ये गाद्या आणि नमदे शोभत नाहीत. दगडासारखे दिसणारे, पण आवाज पिणारे काही हवे होते. फरश्यांच्या कमानी बांधणारे राफाएल गुआस्ताविनो (धाकटे) यांच्याबरोबर सॅबाइन यांनी ते तयार केले. चिकणमातीत वनस्पतीजन्य कुजट माती मिसळून फरशी भाजायची. भट्टीत वनस्पतीचा अंश जळून जातो आणि मागे जोडलेली छिद्रे राहतात. ही रमफर्ड फरशी न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये बसली. 1916 मध्ये दुसरी आली, ॲकोस्टोलिथ. तीत सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे कण सिमेंटने जोडलेले असत.

त्यांच्या पश्चात या धंद्याला आपल्या जिव्हाळ्याची एक वस्तू मिळाली: उसाचे चिपाड. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात 1920 नंतर रस काढलेल्या चिपाडांचे दाबून फळे करू लागले, सेलोटेक्स या नावाने. त्यांवर ओळीने भोके पाडली की वरून रंग दिला तरी आवाज आत जाई. ज्या पिकासाठी आपले पूर्वज कोकण सोडून मॉरिशसला आले, त्याचा चोथा नाट्यगृहांच्या छतांना लागला!

आज वास्तुतज्ज्ञ सच्छिद्र साहित्याचे वर्तन आधी गणिताने वर्तवतात. त्याचा पाया लॉर्ड रॅले यांनी 1883 मध्येच घातला होता. त्यांनी छिद्रांना बारीक नळ्या मानून हवेच्या घर्षणाचा हिशेब केला. 1970 मध्ये इंग्लंडमधल्या डेलानी आणि बॅझली यांनी तंतुमय साहित्यासाठी सोपे सूत्र दिले: साहित्यातून हवा ढकलायला किती जोर लागतो एवढा एक आकडा मोजा, म्हणजे शोषण काढता येते. तरीही खात्रीसाठी नमुना घुमणाऱ्या खोलीत ठेवून निनाद मोजावाच लागतो. आता दहा ते बारा चौरस मीटरचा तुकडा घेण्याचा रिवाज आहे. गादी आणायची, मोजायचे, हा सॅबाइन यांचाच मार्ग.

1906 पासून 1915 पर्यंत ते हार्वर्डमध्ये विज्ञानशाखेचे अधिष्ठाता होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते युरोपात गेले, पॅरिसला व्याख्याने दिली, दोस्तांच्या विमानदळांच्या कामात पडले. तिथेच मूत्रपिंडाचा आजार जडला. परत आल्यावर शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, पण युद्धकाळात वॉशिंग्टनचे विमानविषयक काम सोडायला ते तयार होईनात. 10 जानेवारी 1919 रोजी, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इलिनॉय राज्यातल्या जिनिव्हा गावी जॉर्ज फॅबियन नावाच्या धनिकाने खास त्यांच्यासाठी एक प्रयोगशाळा बांधली होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून जाड भिंतींची खोली, तिचा आराखडा सॅबाइन यांचाच. 1918 मध्ये ती तयार झाली, पण त्यांना तिच्यात काम करायला मिळाले नाही. त्यांचे दूरचे चुलतभाऊ पॉल सॅबाइन यांनी ते काम पुढे चालवले, आणि 1922 मध्ये हार्वर्डने त्यांचे निबंध एका पुस्तकात छापले.